मूळ, दुरुस्ती आणि फेरफार

आपल्या बोलण्यांत ‘दुरुस्ती’ आणि ‘फेरफार’ हे दोन शब्द अगदीं शेजारीं वावरतात, तरी त्यांच्या पोटांतील अभिप्राय एक नाहीं. दुरुस्तीला कोणी नांवें ठेवीत नाहीं. फेरफार म्हटला कीं लगेच संशयाची छाया पडते. हिशेबांत फेरफार, मृत्युपत्रांत फेरफार, पोथीच्या पाठांत फेरफार, असें म्हणतांना लबाडीच आपल्या मनांत असते. तलाठ्याच्या दप्तरांत मात्र हा शब्द निष्पाप आहे. तेथें गांवनमुना सहा म्हणजे फेरफाराची नोंदवही. जमिनीवरचा हक्क एकाकडून दुसऱ्याकडे गेला म्हणजे तिच्यांत नोंद पडते, एवढेंच. पिंपरी, चिंचवड, भोसरी येथून चाकणपर्यंत जो कारखान्यांचा पट्टा पसरला आहे, तेथील जुन्या शेतकरी घराण्यांस हा दुसरा अर्थ चांगला परिचयाचा आहे. १९६२ सालीं औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालें, आणि पुढें या बाजूचीं बाजरीचीं शेतें अशा एकेका फेरफारानें कारखान्यांच्या आवारांत गेलीं.

मी येथें जो प्रश्न विचारास घेतों तो जमिनीचा नसून यंत्राचा आहे. जुन्या मोटारसायकलीच्या इंजिनांत घरच्या घरीं, आपल्या हातानें, कर्त्यानें योजिला त्याहून निराळा कॅमशाफ्ट बसवावा, तिच्या सिलिंडर-हेडचीं द्वारें कोरून मोठीं करावीं, हें नीतीच्या दृष्टीनें कसें? ज्याची गाडी त्याची मर्जी, यांत नीतीचा संबंध काय, असें पुष्कळ वाचक म्हणतील. परंतु या एवढ्याशा गोष्टीवरून दोन सख्ख्या भावांत अबोला आलेला मीं पाहिला आहे, आणि दोघांपैकीं कोणीहि मूर्ख अथवा हट्टी नव्हता. जेथें दोन शहाणीं माणसें एका लोखंडाच्या तुकड्यावरून इतकीं दुखावलीं जातात, तेथें मर्जीपलीकडचें कांहीं तरी असलेंच पाहिजे.

ज्यांस या यंत्राची ओळख नाहीं त्यांच्याकरितां थोडें सांगणें अवश्य आहे. बुलेट हें नांव रॉयल एन्फील्डनें इंग्लंडांत १९३२ सालीं प्रथम वापरलें. १९५५ सालीं मद्रासेस एन्फील्ड इंडिया ही कंपनी निघाली, आणि ती गाडी इकडे प्रथम जुळूं व पुढें घडूं लागली. विलायतेंतील मूळ धंदा १९७० च्या सुमारास बुडाला. इकडची शाखा मात्र झाडाहून दीर्घायुषी ठरली. साडेतीनशेच्या बुलेटच्या इंजिनांत सिलिंडर एकच. त्याचा व्यास ७० मिलिमीटर, पिस्टनची धाव ९० मिलिमीटर, घनफळ ३४६ घनसेंटिमीटर. इंजिनाच्या उजव्या कुशीस एका झांकणाखालीं दांतेरी चाकांची माळ असते. तींतील दोन चाकांवर दोन कॅम, म्हणजे अंड्याच्या आकाराचे दोन उंचवटे असतात. एक हवा व पेट्रोल आंत घेणाऱ्या व्हॉल्व्हचा, दुसरा धूर बाहेर टाकणाऱ्याचा. क्रँकचे दोन फेरे होतात तेव्हां कॅमचा एक होतो. उंचवटा वर आला कीं टॅपेट, पुशरॉड आणि रॉकर यांच्या हातून तो धक्का हेडपर्यंत पोंचतो व व्हॉल्व्ह उघडतो. व्हॉल्व्ह केव्हां उघडावा, किती उघडावा, किती वेळ उघडा राहावा, हें सारें त्या उंचवट्याच्या आकृतींत लिहिलेलें असतें. इंजिनाचा स्वभाव म्हणून जो म्हणतात तो बहुतांशीं येथें ठरतो.

आतां हा उंचवटा थोडा रुंद केला, तर व्हॉल्व्ह अधिक वेळ उघडा राहून वेगांत इंजिनाचा श्वास मोकळा होतो. पण दोन्ही व्हॉल्व्ह एकदम उघडे असण्याचा काळहि त्याबरोबर वाढतो, आणि बाजारांतून हळू जातांना तेंच इंजिन अडखळूं लागतें. हेडचा तळ घासून खालीं घेतला तर आंतील दाब वाढतो; पोर्ट कोरून गुळगुळीत केले तर अधिक मिश्रण आंत शिरतें. कांहीं मिळतें, कांहीं जातें. बुलेटचा जो धीमा, भारदस्त ठोका लोकांस प्रिय आहे, तो पुष्कळदां जाणाऱ्या गोष्टींत असतो.

ज्या भावांचा उल्लेख मीं केला ते चिखलीकडचे. वडिलांनीं, म्हणजे अण्णांनीं, १९७८ सालीं ही गाडी घेतली. त्या काळीं दुचाकीकरितां नांव नोंदवून वर्षानुवर्षें वाट पाहावी लागे, आणि एकदां आलेली गाडी घरांतल्या माणसासारखी सांभाळीत. अण्णा गेले, गाडी राहिली. धाकटा भोसरीच्या एका टूलरूममध्यें ग्राइंडरवर काम करितो. त्याला नवे कॅम स्वतः घासावयाचे होते आणि हेडहि कोरावयाचें होतें. थोरला म्हणाला, “अण्णांची गाडी आहे ती. तिला हात लावूं नकोस.” धाकट्यानें उत्तर दिलें, “दादा, पाना धरायला मला अण्णांनींच शिकवलं.” माझ्या मतें या दोन वाक्यांत सारा वाद आला आहे, पुढें जें मी लिहितों तें त्यांचें भाष्य समजावें.

थोरल्याची बाजू प्रथम घेऊं, कारण सर्वसाधारण सहानुभूति तिकडेच जाते. त्याचें म्हणणें, गाडी ‘मूळ’ आहे तशी राहावी. पण मूळ कोणतें? अण्णांनीं स्वतः सहा व्होल्टची वीज काढून बारा व्होल्टची घातली, कारण रात्रपाळीहून येतांना दिव्याचा उजेड पुरत नसे. सुटा भाग मिळाला नाहीं तेव्हां मिस्त्रीनें लेथवर बुश कातून दिला. सिलिंडर झिजला म्हणून दोन वेळां बोअर करून मोठा पिस्टन बसविला. या शेवटच्या गोष्टीकडे वाचकांनीं नीट पाहावें. व्यास ७० चा ७१ मिलिमीटर झाला म्हणजे घनफळ सुमारें १० घनसेंटिमीटरांनीं वाढतें. नोंदणीच्या पुस्तकांत ३४६ लिहिलेलें असतें, आणि रस्त्यावर ३५६ धांवत असतें. याला जगांतील सर्व लोक दुरुस्ती म्हणतात. उलट, कॅम बदलल्यानें घनफळांत केसाइतकाहि फरक पडत नाहीं, पुस्तकांतील एकहि अंक खोटा होत नाहीं. आणि तरी हा फेरफार!

थीसियसच्या जहाजाचा ग्रीकांचा प्रश्न आम्हां मास्तर मंडळींस दरवर्षीं शिकवावा लागतो: फळ्या एकेक करून सर्व बदलल्या तर जहाज तेंच राहिलें काय? मला मात्र येथें पतंजलीचें उदाहरण अधिक कामाचें वाटतें. महाभाष्याच्या पस्पशाह्निकांत तो म्हणतो कीं सोन्याचा गोळा मोडून एक दागिना करावा, तो मोडून दुसरा करावा. आकृति पालटत जाते, सोनें तेंच राहतें. यंत्राची तऱ्हा बरोबर उलटी आहे. रिंग गेली नवी घातली, बेअरिंग गेलें नवें घातलें. द्रव्य सारखें वाहून जातें आणि आकृति टिकते. यंत्राचें यंत्रपण आकृतींत आहे, म्हणून द्रव्य बदलणें ही दुरुस्ती आणि आकृति बदलणें हा फेरफार. कॅमवर घातलेल्या थोड्याशा धातूनें गाडी निराळी होते. चारपांच किलोचे जुने भाग टाकून तसेच नवे घातले तरी होत नाहीं. थोरल्या भावाला हें शब्दांत सांगतां आलें नसतें, पण त्याचा कौल याच तत्त्वावर उभा होता, आणि तो पोकळ नाहीं.

इंग्रजी शिकलेल्या माणसास येथें रस्किनची आठवण व्हावयाचीच. १८४९ सालीं त्यानें जुन्या इमारती नव्यासारख्या करण्याच्या खटाटोपास खोटेपणा ठरविलें. १८७७ सालीं विल्यम मॉरिसनें जुन्या इमारतींच्या रक्षणाकरितां संस्था काढली ती याच मतावर. त्यांच्या दृष्टीनें पवित्र काय, तर तो दगड, ज्यावर त्या कारागिराचा हात फिरला. आपल्याकडे असें कधींच नव्हतें. पुरीच्या जगन्नाथाचे काष्ठविग्रह ठराविक काळानें नवे होतात. शेवटचा नवकलेवर २०१५ सालीं झाला. जपानांत इसे येथील देवालय दर वीस वर्षांनीं नवें बांधतात, तें २०१३ सालीं बांधलें. लांकूड नवें, मापें जुनीं. द्रव्याविषयीं आम्ही उदार आणि आकृतीविषयीं कडक, असें म्हणावें तर देशावरच्या कित्येक जुन्या दगडी देवळांकडे पाहावें: खालीं यादवकालीन गाभारा, आणि वर पेशवाईंत चढविलेलें विटा-चुन्याचें शिखर. सिलिंडर-हेडच बदललें म्हणावयाचें! आणि नमस्कार करतांना आपण शिखर कोणत्या शतकाचें हें विचारीत नाहीं.

आणखीहि एक गोष्ट थोरल्या भावाच्या ध्यानांत आणून दिली पाहिजे. गाडी तशीच ठेवली तरी तिच्या भोंवतालचें जग तसें राहत नाहीं. जुन्या इंजिनांच्या व्हॉल्व्हच्या बैठकींस पेट्रोलांतील शिशाचा एक प्रकारचा लेप मिळत असे व त्यानें झीज कमी होई. १ फेब्रुवारी २००० पासून आपल्या देशांत शिशाचें पेट्रोल बंद झालें, आणि तें योग्यच झालें, कारण तें शिसें मुलांच्या रक्तांत जात होतें. आतां पेट्रोलांत शेंकडा वीस भाग इथेनॉल येऊं लागलें आहे. जुन्या रबरी नळ्या व वॉशर त्यापुढें टिकत नाहींत. तेव्हां जुनी गाडी केवळ चालती ठेवावयाची म्हटली तरी तिच्या पोटांत कांहीं ना कांहीं बदलावेंच लागतें. अगदीं न बदलतां ती फक्त कांचेच्या कपाटांत राहील. अण्णांनीं ती कपाटांत ठेवण्याकरितां घेतली नव्हती.

धाकट्याचा मुद्दा याहून एक पाऊल पुढें जातो. तो म्हणतो, त्या काळचें पेट्रोल हलक्या प्रतीचें म्हणून कर्त्यानें दाब कमी ठेविला. आजचें पेट्रोल त्याला मिळतें तर त्यानेंच तो वाढविला असता. मग मी कर्त्याच्या विरुद्ध कोठें जातों? हा युक्तिवाद चतुर आहे आणि मला तो पटत नाहीं. कर्त्याच्या मनांत काय असतें हें सांगण्याचा अधिकार प्रत्येक फेरफार करणारा आपल्याकडे घेतो; पोथ्यांत क्षेपक घालणाऱ्यांनींहि हेंच केलें. जें करावयाचें तें माणसानें आपल्या नांवावर करावें.

आणि त्याला आपल्या नांवावर करण्यासारखें कांहीं आहेच. या पट्ट्यांतील कामगाराचा दिवस कसा जातो हें पाहिलें म्हणजे तें कळतें. समोर ड्रॉइंग, त्यावर माप, मापाशेजारीं टॉलरन्स. मिलिमीटराच्या शंभराव्या भागाइतकी चूक झाली तरी जॉब रिजेक्ट. चाकणच्या बजाजच्या कारखान्यांत आज केटीएम आणि ट्रायम्फ या परदेशी नांवांच्याहि मोटारसायकली तयार होतात, आणि त्या जगाच्या बाजारांत उभ्या राहतात त्या या शिस्तीमुळेंच. ती शिस्त नसती तर येथें कारखाने नसते. पण जो हात रोज दहा तास दुसऱ्याचें माप पाळतो, त्या हाताला हें माप असेंच कां, असें विचारण्याची जागा कोठें आहे? धाकटा भाऊ मला म्हणाला, “सर, कंपनींत मी कॅम घासतों, पण कॅम म्हणजे काय हें मला घरीं कळलं.” अंशांकित तबकडी क्रँकला बांधून, डायल लावून, एकेका अंशाला उंचवट्याचें माप वहींत उतरविण्यांत त्याचे कित्येक रविवार गेले. ही वही मीं पाहिली आहे. तींत शिक्षण म्हणून जें आहे तें आमच्या कॉलेजांतील अनेक प्रबंधांत नाहीं, हें या व्यवसायांत आयुष्य काढलेल्या माणसानें कबूल करण्यास हरकत नसावी.

न्यूझीलंडांतील बर्ट मन्रो याची गोष्ट अशा वेळीं सांगतात. १९२० सालची इंडियन स्काउट गाडी त्यानें जवळ जवळ आयुष्यभर आपल्या खोपट्यांत घासली, पिस्टन स्वतः ओतले, कॅम स्वतः घडविले, आणि १९६७ सालीं, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षीं, अमेरिकेंत बॉनव्हिलच्या मिठाच्या मैदानावर ताशीं १८३ मैलांहून अधिक वेग गांठला. त्यानें ती गाडी बिघडविली असें कोणी म्हणत नाहीं. मात्र दृष्टान्त लागू करतांना जपावें. मन्रो मिठाच्या ओसाड सपाटीवर एकटा होता. आपला माणूस नाशिक रस्त्यानें मोशीच्या वळणावर असतो. मागें बायको, पुढें कंटेनर, बाजूला शाळेचीं मुलें. बुलेटचे जुने ड्रम-ब्रेक त्या अठरा अश्वशक्तीच्या हिशेबानें केलेले. ताशीं ऐंशीच्या जागीं शंभर किलोमीटर वेग झाला, तर गाडीला थांबवितांना जी शक्ति जिरवावी लागते ती दीडपटीहून अधिक होते. ज्यानें इंजिन वाढविलें आणि ब्रेकचा विचार केला नाहीं, त्यानें आपल्या कौतुकाची किंमत दुसऱ्याच्या जिवावर लिहून ठेविली. आवाजाचेंहि तेंच. पोलिसांनीं जप्त केलेले कर्णकर्कश सायलेन्सर रोडरोलरखालीं चिरडल्याचीं चित्रें वर्तमानपत्रांत येतात, तीं पाहून मला दुःख होत नाहीं. आपला कॅम किती चांगला आहे हें गल्लींतील आजाऱ्यास रात्रीं अकरा वाजतां कळण्याचें कारण नाहीं. येथें तरी ‘ज्याची गाडी त्याची मर्जी’ हें सूत्र संपतें.

कायदा काय म्हणतो? मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलम मालकास वाहनांत असा बदल करूं देत नाहीं, कीं ज्यामुळें नोंदणीपत्रांतील तपशील कर्त्याच्या मूळ तपशिलाशीं जुळणार नाहीं. आणि जानेवारी २०१९ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें या कलमाचा कडक अर्थ लाविला. नोंदणीपत्रांत कॅमचा उंचवटा लिहिलेला नसतो हें खरें. परंतु कायद्याच्या मौनाला संमति समजणें ही वकिली झाली. पुढें २०२१ सालीं जुन्या वाहनांकरितां निराळे नियम आले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षें लोटलेली दुचाकी किंवा चारचाकी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदतां येते, तिला खास क्रमांक मिळतो, पण अट ही, कीं ती मूळ स्वरूपांत राखलेली असावी. चासी, बॉडी किंवा इंजिन यांत फेरफार झालेला नसावा. आणि असा मान मिळाल्यावर ती रोजच्या कामाकरितां रस्त्यावर आणतां येत नाहीं. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणें, दुरुस्तीला नेणें, एवढ्यापुरतीच निघते. म्हणजे सरकारनेंहि ‘मूळ’ शब्दाचा अर्थ जवळ जवळ कपाटच केला आहे.

मला स्वतःला या वादांत एक भेद महत्त्वाचा वाटतो, आणि तो दोघां भावांच्या बोलण्यांत आला नव्हता. कॅम आणि हेड या दोन गोष्टी नीतीच्या दृष्टीनें एका जातीच्या नाहींत. जुने कॅम बाहेर काढून, तेलाच्या फडक्यांत गुंडाळून, डब्यावर तारीख घालून ठेवतां येतात. पुढच्या माणसास हवे तेव्हां दोन संध्याकाळींत ते पुन्हां जागेवर जातात. मात्र नवे कॅम जुन्यांवरच घासून करावयाचे नाहींत, निराळ्या जोडीवर करावयाचे. हेडचें तसें नाहीं. पोर्टमधून कोरलेला ॲल्युमिनियमचा भुगा जमिनीवर पडला कीं पडला. वेल्डिंग करून भर घालतां येते, पण तें डाग दिल्यासारखें होतें. मूळची भिंत येत नाहीं. पहिल्या कृतींत माणूस आपलें मत मांडतो आणि दुसऱ्यास खोडून काढण्याची मुभा ठेवतो. दुसऱ्या कृतींत तो पुढच्या सर्वांच्या वतीनें एकदाच निकाल देऊन मोकळा होतो. वारशानें आलेल्या वस्तूवर आपला हक्क पहिल्या प्रकारचा आहे, असें माझें मत. अण्णांनीं बारा व्होल्टची वीज घातली तेव्हां जुना डायनामो फेंकून दिला नव्हता. तो माळ्यावर अजून आहे. पोरांस त्यांनीं पाना धरावयास शिकविलें, तसें हेंहि शिकविलें होतें, फक्त तोंडानें सांगितलें नव्हतें.

यावर धाकट्याचा आक्षेप असा, कीं परत फिरतां येईल एवढेंच करीत राहिलें तर हात कधीं धीट होत नाहीं. धातूवर कानस चालविल्याशिवाय कान उघडत नाहींत. आक्षेप खरा आहे. त्याला व्यवहारांतलें उत्तर एकच, दुसरें हेड मिळवावें आणि त्यावर धीट व्हावें. पूर्वी हें सोपें होतें. कुदळवाडीच्या भंगाराच्या गोदामांत जुन्या इंजिनाचें हेड शोधणाऱ्यास पुष्कळदां सांपडे. २०२५ च्या फेब्रुवारींत महापालिकेनें त्या वस्तींतील हजारों बांधकामें पाडलीं, आणि आतां जुन्या भागांकरितां लांब हिंडावें लागतें. तरी त्यानें हिंडून एक हेड आणलें आहे, पंख्यांचीं दोन पातीं तुटलेलें. त्याचा उजवा पोर्ट त्यानें कोरावयास घेतला आहे. अण्णांचें हेड कपाटावर वर्तमानपत्रांत गुंडाळलेलें आहे, आणि थोरला अधूनमधून येऊन तें जागेवर आहे ना हें पाहून जातो. बोलतो कमी; पण येतो.

गाडीची पहिली नोंद १९७८ सालची, तेव्हां २०२८ सालीं तिला पन्नास वर्षें पुरीं होतील. थोरल्याची इच्छा तिला व्हिंटेजचा क्रमांक घ्यावा, आणि त्याकरितां त्यानें अर्जाचा नमुनाहि आणून ठेविला आहे. धाकटा म्हणतो, तोंवर मला चालवूं द्या. २०२८ च्या आदल्या दिवाळींत जुने कॅम आणि जुनें हेड मी माझ्या हातानें चढवून देईन. सिलिंडर मात्र ७१ मिलिमीटरचाच राहील, आणि तो अर्जांत कसा लिहावयाचा हें दोघांनाहि अजून ठरवितां आलेलें नाहीं.